फिजीचे ऋतू आणि सरासरीचा पाऊस
(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

प्रथम वर्षाला असताना जगाच्या हवामान विभागांचा तक्ता आम्ही पाठ केला होता. त्यात पॅसिफिक महासागरातील बेटांपुढे एकच ओळ होती : 'उष्ण, दमट, सागरी व सम हवामान, वर्षभर पाऊस.' परीक्षेत एवढे लिहिले की दोन गुण मिळत. यंदा सरांनी ट्यूटोरियलसाठी प्रत्येकाला एकेक देश वाटून दिला आणि माझ्या वाट्याला फिजी आला. ग्रंथालयात बसून तेथील पावसाचे आकडे वहीत उतरवू लागलो, तेव्हा त्या ओळीतील 'सम' हा शब्द मला खटकू लागला.

त्याचे कारण घरचेच आहे. मी माण तालुक्यातला. आमचा तालुका सातारा जिल्ह्यात मोडतो, आणि महाबळेश्वरही त्याच जिल्ह्यात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर. दोहोंची बेरीज करून दोनाने भागले तर तीन हजार मिलिमीटर येतात, आणि कागदावर आमची बाजरी बुडेपर्यंत पाऊस पडतो! सरासरी खोटी नसते. पण ती कोणाची, हे विचारावे लागते. फिजीच्या बाबतीत हाच प्रश्न विचारायचा असे ठरवून मी वाचन केले. ते जसे जमले तसे येथे मांडत आहे. वाचकांनी शक्य तर नकाशा पुढे घ्यावा.

बेटांचे स्थान

फिजी हा नैर्ऋत्य पॅसिफिक महासागरातील तीनशेहून अधिक बेटांचा देश आहे. त्यांपैकी सुमारे एकशे दहा बेटांवर मनुष्यवस्ती आहे. सर्व बेटांचे मिळून क्षेत्रफळ १८,००० चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आणि लोकसंख्या सुमारे नऊ लाख. विती लेवू आणि वानुआ लेवू ही दोन मोठी बेटे. विती लेवूचे क्षेत्रफळ साधारण १०,४०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ते बेट जवळजवळ आमच्या सातारा जिल्ह्याएवढे झाले. आग्नेय किनाऱ्यावर सुवा ही राजधानी आहे. पश्चिम किनाऱ्यावर मोठा विमानतळ असलेले शहर आहे, त्याचा उच्चार 'नांदी' असा होतो. आपल्या नाटकातील नांदीशी अर्थातच त्याचा काही संबंध नाही!

सुवा सुमारे १८ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. सातारा विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ तेवढाच दूर आहे. तेव्हा सूर्याच्या दृष्टीने पाहिले तर फिजी आणि आपण आरशातल्यासारखे समोरासमोर आहोत. फक्त ऋतू उलटे. आपल्याकडे दिवाळीनंतर थंडी पडू लागते, तेव्हा तेथे उष्ण व पावसाळी ऋतू सुरू होतो.

दोन ऋतू

फिजीत ठळक ऋतू दोनच. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण व पावसाळी ऋतू, आणि मे ते ऑक्टोबर हा थंड व कोरडा ऋतू. 'थंड' या शब्दाने फसू नये. सर्वांत उष्ण महिने जानेवारी-फेब्रुवारी आणि सर्वांत थंड महिने जुलै-ऑगस्ट, यांच्या सरासरी तापमानात अवघा २ ते ४ अंश सेल्सिअसचा फरक असतो. किनाऱ्यावर दिवसाचे तापमान फार तर ३२ अंशांच्या आसपास जाते आणि थंड ऋतूतील रात्री ते १८ अंशांपर्यंत उतरते. आमच्याकडे डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत याच्या कितीतरी पट अंतर असते. चोहोंकडे समुद्र असल्याने हे घडते. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे बेटाच्या तापमानाला फार वरखाली होऊ देत नाही. म्हणजे तापमानापुरता 'सम' हा शब्द बरोबर आहे. प्रश्न उरतो तो पावसाचा.

फिजीच्या पावसाचे दोन कर्ते आहेत. पहिला म्हणजे आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे. ते वर्षाचा बहुतेक काळ वाहतात आणि वाटेत समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. दुसरा म्हणजे दक्षिण पॅसिफिक अभिसरण पट्टा. सॉलोमन बेटांकडून आग्नेयेकडे तिरका पसरलेला हा ढगांचा व पावसाचा पट्टा आहे. वेगवेगळ्या दिशांनी आलेले वारे तेथे एकत्र येतात, हवा वर चढते, ढग बनतात आणि जोराचा पाऊस पडतो. नोव्हेंबरनंतर हा पट्टा बळकट होऊन फिजीच्या परिसरात येतो. तेथील पावसाळा मुख्यतः त्याच्यामुळेच होतो.

डोंगराच्या दोन बाजू

विती लेवूच्या मध्यभागी डोंगररांग आहे. तिचे व देशाचेही सर्वोच्च शिखर तोमानिवी. उंची सुमारे १,३२४ मीटर. व्यापारी वारे आग्नेयेकडून येऊन या डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि बाष्प खाली टाकतात. यालाच आपण प्रतिरोध पर्जन्य म्हणतो. त्यामुळे वातसन्मुख बाजूला असलेल्या सुव्याला वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस मिळतो, आणि डोंगरात काही ठिकाणी तो ६,००० मिलिमीटरपर्यंत जातो. डोंगर ओलांडून वारा पश्चिमेला उतरतो तेव्हा त्याच्याजवळ देण्यासारखे फार उरलेले नसते. म्हणून नांदीला वर्षाला सुमारे १,८०० ते १,९०० मिलिमीटर पाऊस पडतो.

हा आकडा पाहून मला प्रथम हसू आले. आमच्या गावाच्या साडेतीन-चारपट पाऊस पडतो, आणि त्या भागाला 'कोरडी बाजू' म्हणतात! पण महिन्यांचा हिशेब पाहिल्यावर हसू मावळले. नांदीचा पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत पडून जातो. जुलैत तेथे सरासरीने जेमतेम ५० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच महिन्यात सुव्याला त्याच्या दुपटी-तिपटीने पडतो. म्हणजे पूर्वेकडे बारा महिने हिरवे रान, आणि पश्चिमेकडे मे-जूननंतर पिवळे पडलेले गवताळ डोंगर. आपल्या सह्याद्रीची आठवण होणे साहजिक आहे. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. आपल्याकडे नैर्ऋत्य वारे चार महिन्यांचे पाहुणे असतात, तर फिजीत व्यापारी वारे बहुतेक वर्षभर त्याच बाजूने येतात. तेथे डोंगराची ओली बाजू आणि कोरडी बाजू बाराही महिने तशीच राहते.

ऊस कोरड्या बाजूला का गेला?

हवामानाचा माणसाच्या आयुष्याशी संबंध कसा येतो याचे फिजीतील उत्तम उदाहरण म्हणजे ऊस. १८७९ साली 'लिओनिडास' या जहाजातून भारतीय मजुरांची पहिली तुकडी फिजीत उतरली. १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक भारतीय पाच वर्षांच्या करारावर तेथे गेले. 'अॅग्रीमेंट' या शब्दाचे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि ते स्वतः 'गिरमिटिया' झाले. त्यांना उसाच्या मळ्यांत राबवण्यात आले.

ऑस्ट्रेलियातील कंपनीने आपला पहिला मोठा साखर कारखाना १८८२ साली नौसोरी येथे, म्हणजे सुव्याजवळ ओल्या बाजूला, सुरू केला. रेवा नदीचे खोरे सुपीक, पाणी मुबलक. ऊस तेथेच चांगला येईल असे कोणालाही वाटेल. ऊस वाढतही होता. पण नुसता वाढून उपयोग नसतो. तोडणीपूर्वीचे काही महिने उन्हाचे, कोरडे आणि थोडे थंड असावे लागतात, तरच उसात साखर भरते. ओल्या बाजूला आभाळ सतत भरलेले, पाऊस थांबायला तयार नाही, त्यामुळे उसाला गोडी कमी. अखेर १९५९ साली नौसोरीचा कारखाना बंद झाला. पश्चिमेला लौतोका येथे १९०३ साली सुरू झालेला कारखाना मात्र टिकला. ऊस डोंगराच्या पर्जन्यछायेत स्थिरावला, आणि त्याच्यामागे गिरमिटियांची वस्तीही त्याच बाजूला दाट झाली. आजही फिजीच्या पश्चिम भागात भारतीय वंशाच्या शेतकऱ्यांची खेडी आहेत, ती या कोरड्या ऋतूच्या आधाराने.

म्हणजे ज्या कोरडेपणाला आम्ही पुस्तकात उणीव समजतो, त्यावर तेथील शेती उभी आहे. पण अशा शेतीचा तोल फार नाजूक असतो. कोरडा ऋतू सहा महिन्यांऐवजी दहा महिन्यांचा झाला, तर काय होईल?

समुद्राच्या मध्यावरचा दुष्काळ

सुट्टीत घरी गेलो असता मी हे आजीला सांगत होतो. आजी शाळेत गेलेली नाही, पण पावसाविषयी बोलायला तिला पुस्तक लागत नाही. ती म्हणाली, "चहूकडनं पानी आन् तिकडं बी दुष्काळ पडतो व्हय रं?" या प्रश्नाचे उत्तर देता देता मला स्वतःलाच विषय नीट समजला.

एरवी व्यापारी वारे पॅसिफिकच्या पृष्ठभागावरील गरम पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशिया व न्यू गिनीच्या बाजूला, ढकलत असतात. काही वर्षांनी हे वारे दुबळे होतात. मग गरम पाणी मध्य व पूर्व पॅसिफिककडे सरकते. या स्थितीला 'एल निनो' म्हणतात. गरम पाण्याबरोबर ढगही सरकतात आणि वर सांगितलेला अभिसरण पट्टा ईशान्येकडे ढळतो. फिजी त्याच्या बाहेर पडते व पावसाळा कोरडा जातो. याच्या उलट स्थिती 'ला निना'. तेव्हा पट्टा नैर्ऋत्येकडे सरकून फिजीवर अधिक पाऊस आणतो. २०१२ साली जानेवारीत आणि पुन्हा मार्चअखेरीस नांदी परिसरात मोठे पूर आले, ते वर्ष ला निनाचे होते.

१९९७-९८ च्या एल निनोत फिजीत भीषण दुष्काळ पडला. १९९८ चे उसाचे उत्पादन दोन वर्षांपूर्वीच्या तुलनेत निम्म्यावर आले. तेथील बहुतेक जमीन मूळ फिजियन कुळांच्या सामाईक मालकीची आहे आणि भारतीय वंशाचे शेतकरी ती भाडेपट्ट्याने कसतात. तीस वर्षांचे पट्टे नेमके १९९७ पासून संपू लागले होते. एकीकडे पाऊस गेला, दुसरीकडे जमीन. त्या घरांना 'सम हवामान' हे शब्द वाचून दाखवले असते तर ते काय म्हणाले असते, असा विचार मनात येतो.

लहान बेटांची स्थिती आणखी कठीण. सखल प्रवाळ बेटांवर नदी नसते. छपरावरचे पाणी पन्हळीने टाकीत साठवायचे आणि तेच वर्षभर पुरवायचे. टाकी आटली की सरकारला जहाजाने पाणी पोहोचवावे लागते. आजीला मी म्हणालो, "आपल्याकडे टँकर येतो, त्यांच्याकडे जहाज येते." तिला लगेच पटले.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करायला हवा, कारण तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. फिजीच्या पावसाचे हे कोडे उलगडण्याची सुरुवात भारतात झाली. गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पाऊस कोणत्या वर्षी दगा देईल हे आधी सांगता यावे, म्हणून त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी गोळा केल्या. पॅसिफिकवर दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला कमी होतो, आणि उलट, असे तराजूसारखे वरखाली होणे त्यांना आढळले. त्याला त्यांनी 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. आज ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील दाबाच्या फरकावरून ते मोजतात. वॉकर यांच्या काळात खात्याचे मुख्यालय सिमल्याला होते. १९२८ साली ते पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. त्या चौकातून मी दोनदा गेलो होतो, पण नावामागचे कारण आता कळले.

१९७२ हे एल निनोचे वर्ष होते. त्या साली महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला त्यात आजी, नुकतेच लग्न झालेली, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती; सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वादळांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच, 'बेबी' नावाच्या चक्रीवादळाने फिजीला झोडपले. २०१५-१६ हेही एल निनोचे वर्ष. फेब्रुवारी २०१६ मध्ये फिजीवर 'विन्स्टन' आले आणि एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अर्थात सगळा दोष एल निनोच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. १९९७ चा एल निनो अत्यंत प्रबळ होता, तरी त्या वर्षी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. कारणे अनेक असतात. त्यांतील हे एक मोठे कारण, एवढेच म्हणता येते.

वादळाचा हंगाम

नोव्हेंबर ते एप्रिल हाच चक्रीवादळांचाही काळ. समुद्राचे पाणी पुरेसे तापले की त्यावर कमी दाबाचे केंद्र तयार होते आणि भोवती वारे गरगरू लागतात. आपल्याकडे ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने. नैर्ऋत्य पॅसिफिकमधील मोठ्या भागातील वादळांवर लक्ष ठेवण्याचे व त्यांना नावे देण्याचे काम नांदी येथील हवामान केंद्र करते.

विन्स्टन २० फेब्रुवारी २०१६ रोजी फिजीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी २३० किलोमीटरांहून अधिक होता. दक्षिण गोलार्धात आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत प्रबळ वादळांत त्याची गणना होते. त्यात ४४ माणसे दगावली. तीस हजारांच्या आसपास घरे मोडली किंवा पडली, आणि एकूण हानी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे एक पंचमांश भरली. राकीराकी येथील साखर कारखाना त्यानंतर पुन्हा सुरू झालाच नाही. एका दिवसाच्या वाऱ्याने एवढे केले. पण वर्षाच्या सरासरी वाऱ्याचा आकडा काढला, तर त्यात विन्स्टन कोठेही दिसणार नाही.

लोकांचे ऋतुज्ञान

आकडे येण्यापूर्वीही माणसे ऋतू ओळखतच होती. फिजियन लोकांच्या जुन्या कालगणनेत महिन्यांची नावे निसर्गातील घटनांवरून आहेत. 'बालोलो' नावाचा समुद्री किडा वर्षातून ठरावीक रात्रींच प्रवाळखडकांतून वर येतो व लोक तो आवडीने खातात. ऑक्टोबर हा लहान बालोलोचा महिना आणि नोव्हेंबर हा मोठ्या बालोलोचा. आपल्या पांगाऱ्याच्या जातीचे 'द्राला' हे झाड फुलले की सुरणासारखा 'याम' कंद लावण्याची वेळ झाली असे समजतात. गांधीलमाशांनी जमिनीलगत पोळे बांधले तर वादळ येणार, असाही समज आहे. आमच्याकडे कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या बाजूला व किती उंच बांधले यावरून पावसाचा अंदाज करतात. अशा खुणांवर सर्वस्वी विसंबता येणार नाही, पण त्यांची थट्टाही करू नये. त्या कोणत्याही सरासरीतून आलेल्या नाहीत, एकेका जागेच्या अनुभवातून आल्या आहेत.

आता या खुणाही चुकू लागल्या आहेत. समुद्राची पातळी वाढत आहे, आणि यापुढील वादळे संख्येने वाढली नाहीत तरी अधिक तीव्र होतील असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वानुआ लेवूवरील वुनिदोगोलोआ हे किनाऱ्यावरचे गाव भरतीचे पाणी घरांत शिरू लागल्याने २०१४ साली आत उंचावर हलवावे लागले. २०१७ साली जर्मनीत बॉन येथे भरलेल्या जागतिक हवामान परिषदेचे अध्यक्षपद फिजीने भूषवले. नऊ लाखांच्या देशाला तेथे बोलण्याचा हक्क होता, कारण सोसण्यात तो पुढे होता.

समारोप

या अभ्यासातून मला जे कळले ते थोडक्यात असे. फिजीचे तापमान सम आहे, पाऊस सम नाही. तो जागेप्रमाणे बदलतो, महिन्याप्रमाणे बदलतो आणि वर्षाप्रमाणेही बदलतो. म्हणून कोणत्याही प्रदेशाच्या पावसाची सरासरी लिहिताना तिच्याशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात : डोंगराची कोणती बाजू, कोणते महिने, आणि सर्वांत वाईट वर्षी किती. शेतकरी सरासरीवर जगत नाही. तो त्या त्या वर्षीच्या पावसावर जगतो, आणि वाईट वर्षी कर्जावर.

ट्यूटोरियल सरांना दाखवले. त्यांनी खाली सही केली आणि आता माण तालुक्यातील गावागावांचा पाऊस असाच मांडून आण, असे सांगितले. ते काम हाती घेतले आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये हवामान खाते मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करते आणि त्यात पॅसिफिकच्या पाण्याचा उल्लेख असतो. पूर्वी मी तो वाचून सोडून देत असे. आता आजीच विचारते, "ह्या साली त्या समुद्राचं कसं हाय?" वडील बियाणे घेण्याआधी माझ्या उत्तराची वाट पाहतात. परीक्षेतील दोन गुणांपेक्षा हे उत्तर चुकण्याची मला जास्त भीती वाटते.